ताटातल्या तांदळात लिहिलेलं नाव

मृग लागायच्या आधी माळा उतरवायचा, हा आमच्याकडचा जुना रिवाज. गुहागरच्या खालच्या पाटातलं कौलारू घर, मागे-पुढे पोफळीचं आगर, त्यामुळे दमट हवा आणि वाळवी या दोघी आमच्या कायमच्या पाहुण्या. यंदा सासूबाई नाहीत. त्यामुळे त्यांची पत्र्याची ट्रंक पहिल्यांदाच माझ्या हातानं उघडली. वर दोन इरकली लुगडी, मध्ये डांबराच्या गोळ्या, मुलांच्या जुन्या प्रगतिपुस्तकांची चळत, आणि अगदी तळाशी सुतळीनं बांधलेलं एक पुडकं. निळसर, पातळ, घडी घालून चिकटवायची परदेशी पत्रं. वर जर्मनीची तिकिटं.

तो दिवस नेमका कसा होता ते सांगायलाच हवं. कारण नाहीतर मी ते पुडकं झटकून परत ठेवून दिलं असतं. सकाळीच चिपळूणहून धाकट्या बहिणीचा फोन आला होता. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, पुण्यात एका हॉस्पिटलात नर्स आहे. तिनं लग्न ठरवलंय. मुलगा त्याच हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट, चांगला शिकलेला, निर्व्यसनी, वयानं दोन वर्षांनी मोठा. सगळं छान. फक्त मुलगा मिझोरामचा.

“ताई, तू समजाव तिला. तुझं ऐकते ती,” बहीण रडत होती. “निदान मराठी तरी असता गं. नाहीतर मग सरळ अमेरिकेतला तरी. हा तर आमच्या बागेतल्या गुरख्यासारखा दिसतो!”

आता खरं सांगू? मला हसू आलं नाही, रागही आला नाही. मी भाचीला फोन लावला आणि माझ्या समंजस, शिकलेल्या, गावात चार ठिकाणी भाषणं करणाऱ्या तोंडानं म्हटलं, “विचार कर हो बाई. तुला चालेल, पण उद्या मुलं झाली तर त्यांचे चेहरे कसे होतील?” पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग, “मावशी, तूसुद्धा?” आणि फोन बंद.

त्या दुपारी मी ट्रंक उघडली.

ह्यांचे धाकटे काका 1961 साली जर्मनीला इंजिनिअरिंगच्या ट्रेनिंगला गेले आणि तिकडेच राहिले, एवढं मला लग्न होऊन आल्यापासून ठाऊक होतं. ‘काकांनी जर्मन मुलगी केली’ हा आमच्या घरातला एका ओळीचा इतिहास. त्या काकूंचा एक फोटो ओटीवर अजून आहे. नऊवारी, कपाळभर कुंकू, नाकात नथ, आणि उन्हानं लालबुंद झालेला चेहरा. आल्यागेल्याला तो फोटो दाखवायचा आणि म्हणायचं, बघा, कित्ती आपली झाली. मीही दाखवलाय.

पत्रांत मात्र वेगळीच माणसं भेटली. काकांची पहिली पत्रं थंडीची, उकडलेल्या बटाट्यांची, आमसुलाची आठवण येते त्याची. मग घरमालकिणीच्या मुलीचा उल्लेख येऊ लागतो. आधी नुसता, की ती जर्मन शिकवते. मग तिला मराठी अक्षरं शिकायचीत. आणि 1963 सालच्या एका पत्रात, दोन ओळी खोडून तिसऱ्या ओळीत, लग्नाचं. त्याच पत्रात आहे की घरमालकीणबाईंनी त्यांना खोली सोडायला सांगितली. त्यांचं म्हणणं, तू मुलगा चांगला आहेस, पण बेकरीत उभी राहिले की लोक काय म्हणतील, आणि मुलं कुठल्या रंगाची होतील?

मी चष्मा काढून पुसला. माझंच वाक्य, साठ वर्षं आधी, जर्मन बाईच्या तोंडी.

आजेसासऱ्यांचं उत्तर अर्थातच जर्मनीला गेलं. पण त्याचा कच्चा खर्डा वहीच्या फाडलेल्या पानावर, पेन्सिलीनं, ह्या पुडक्यात राहिला होता. त्यात बहिणींची लग्नं अडतील हे आहे, कुळाचार कोण करणार हे आहे, आणि इथे आणशील तर पडवीच्या पुढे यायचं नाही हेही आहे. मुलीचा राग कुठेच नाही. तिच्याबद्दल एक शब्द नाही. जणू ती माणूस नाहीच, एक साथ आहे आणि ती घरात शिरू द्यायची नाही.

ह्या सगळ्यात ती दोघं एकटी होती असं त्यांना वाटत असेल. आपल्याकडच्या कितीतरी घरांतून हेच चाललं होतं आणि त्याआधीही चाललं होतं. मोठ्या घरांतून झालं की त्याचा इतिहास होतो, आपल्यासारख्यांच्या घरात झालं की ट्रंकेच्या तळाशी जातं, इतकाच फरक.

आता इंदूरच्या होळकरांचंच घ्या. तुकोजीराव होळकर 1926 साली गादीवरून पायउतार झाले आणि दोन वर्षांनी त्यांनी अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या नॅन्सी मिलर ह्या तरुणीशी लग्न केलं. केवढा गहजब झाला तेव्हा! परक्या वंशाची, परधर्माची सून कशी चालेल? त्यावर तोडगा काय निघाला, तर शंकराचार्य डॉ. कुर्तकोटींनी तिला हिंदू करून घेतलं, एका धनगर कुटुंबानं तिला दत्तक घेतलं, तिचं नाव शर्मिष्ठा ठेवलं, आणि मग 1928 च्या मार्चमध्ये बडवाहला लग्न लागलं. म्हणजे नॅन्सीला सून करून घेता येईना, म्हणून आधी नॅन्सी पुसली आणि जागेवर एक जातीची मुलगी तयार केली. त्या बाई पुढे आयुष्यभर निष्ठेनं इंदूरच्या होऊन राहिल्या, त्यांच्या मनाचा मोठेपणा मी नाकारत नाही. पण मोठेपणा त्यांचा. आपला कुठला?

आणि एवढं करूनही प्रश्न सुटला म्हणावा, तर पुढच्याच पिढीत तो परत उभा. तुकोजीरावांच्या मुलानं, यशवंतरावांनीही अमेरिकन बायकांशी लग्नं केली. त्यांतला मुलगा रिचर्ड. आई परदेशी म्हणून तो गादीचा वारस ठरला नाही, मान मुलीला, उषाराजेंना मिळाला. (मुलीला वारसा मिळाला म्हणून आनंद मानावा, तर कारण असलं!) ह्याच रिचर्ड होळकरांनी आणि त्यांच्या पत्नी सॅली ह्यांनी पुढे महेश्वरला ‘रेहवा’ संस्था काढून बुडत चाललेले हातमाग परत सुरू केले. आपल्या कपाटातल्या महेश्वरीला हात लावताना हे आठवायला हरकत नाही.

सैन्याच्या गोष्टी ज्यांच्या घरात चालतात त्यांना सावित्रीबाई खानोलकर ठाऊक असतील. परमवीर चक्र ह्या आपल्या सर्वोच्च शौर्यपदकाचं चित्र ज्यांनी काढलं, त्या. दधीची ऋषींच्या अस्थींचं वज्र आणि शिवरायांची तलवार ह्या कल्पना त्या पदकात ज्यांनी आणल्या, त्या जन्मानं मराठी नव्हत्या, भारतीयसुद्धा नव्हत्या. नाव ईव्ह इव्होन माडे डी मारोस, जन्म 1913 चा, स्वित्झर्लंडमधल्या न्यूशाटेलचा. वडील हंगेरियन प्राध्यापक, आई रशियन. 1929 साली फ्रान्समधल्या शामोनीला बर्फातली सुट्टी घालवायला आलेला विक्रम खानोलकर हा सँडहर्स्टच्या लष्करी शाळेतला मराठी तरुण तिला भेटला. ती सोळा वर्षांची. वडिलांनी ठाम नकार दिला. इतक्या लांबच्या देशात पोरीला पाठवायची त्यांची तयारी नव्हती. मुलगी थांबली, मोठी झाली, आणि बोट पकडून हिंदुस्थानात आली. 1932 साली लखनौला लग्न झालं. मधली ती तीन वर्षं! फोन नाही, काही नाही. टपालाला किती दिवस लागत असतील, आणि त्या प्रत्येक दिवसात घरातले किती जण ‘विचार कर’ म्हणत असतील, हे आता मला कल्पनेनं दिसतं.

सावित्रीबाईंनी मराठी शिकली, संस्कृत शिकली, महाराष्ट्रातल्या संतांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, नवरा 1952 साली गेल्यावरही त्या इथेच राहिल्या आणि 1990 साली इथेच गेल्या. आपण त्यांचं कौतुक करतो ते योग्यच. पण कौतुक करताना शब्द कोणते वापरतो ते ऐका. ‘आपल्यापेक्षा जास्त हिंदू झाल्या.’ ‘कोणाला वाटणार नाही परदेशी म्हणून.’ समजा नसत्या झाल्या? समजा साधं स्विस जेवण जेवत, फ्रॉक घालून, आपल्या देवाला हात जोडत खानोलकरांच्या सूनबाई म्हणून राहिल्या असत्या, तर?

ह्या प्रश्नापाशी मी परत आमच्या जर्मन काकूंकडे येते. कारण पुडक्यातली खरी मजा अजून सांगितलीच नाही.

काकांच्या पत्रांखाली काकूंची पत्रं होती. माझ्या सासूबाईंना लिहिलेली. सासूबाई चौथी शिकलेल्या. सोवळंओवळं कडक, सासऱ्यांपुढे मान वर न करणाऱ्या, आम्ही सुना ज्यांना टरकून असायचो त्या. त्यांनी सासऱ्यांना, नवऱ्याला, कुणालाही न सांगता त्या परक्या मुलीला पत्र लिहिलं होतं. आधी कोणी लिहिलं ते कळत नाही. पण 1964 पासून दर दोन-तीन महिन्यांनी काकूंचं उत्तर आहे. मोठ्ठी गोल अक्षरं, पहिल्या इयत्तेतल्या पोरासारखी, वेलांट्या सगळ्या उलट्या. ‘वहिनी’ शब्दाची पहिली वेलांटी दर वेळी दीर्घ. एका पत्रात त्यांनी विचारलंय की सासरे काय जेवतात. एकात, निऱ्या किती घालायच्या. एकात आपल्या आईबद्दल, की आई अजून बोलत नाही. आणि त्यात घातलेली गुहागर पोस्टाची एक पावती, रजिस्टर पार्सलची. काय पाठवलं होतं सासूबाईंनी? पुढच्या पत्रात उत्तर आहे: आमसुलं पोचली, पण ती कडक झाली होती, भिजत घातली, आणि काका ती वाटी हातात घेऊन नुसते बसून राहिले.

पोस्टमन काय म्हणत असेल? त्या काळी तो पत्र वाचूनही दाखवायचा, मनीऑर्डरही आणायचा, सगळ्या वाडीची बातमी त्याच्या पिशवीत. तरी ह्या पत्रांचा बभ्रा झाला नाही. कोण जाणे, त्यालाही सामील करून घेतलं असेल. सासूबाईंचं काही सांगता येत नाही.

1971 साली दोघं गुहागरला आली, कडेवर मूल. तो ओटीवरचा फोटो तेव्हाचा. फोटोत दिसत नाही ते पुढच्या पत्रात आहे. आजेसासऱ्यांनी काकूंचं पान पडवीतच मांडायला लावलं. सासूबाईंनी पंगत वाढून झाल्यावर आपलंही ताट पडवीत नेलं आणि त्यांच्या शेजारी बसल्या. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तरी भाषा कुठली! काकूंनी लिहिलंय की त्या दिवशीची आमटी फार तिखट होती आणि त्यांनी दोनदा मागून घेतली.

आता सह्या पाहा. पहिल्या पत्रांखाली काकूंचं जर्मन नाव. लग्नानंतर, एका पत्रापासून, एकदम मराठी नाव. घरातून कोणीतरी कळवलं असणार की आपल्याकडे सुनेचं नाव बदलतात. पुढची पंचेचाळीस वर्षं तेच मराठी नाव. आणि मग 2009 सालचं शेवटचं पत्र. काका गेल्यावर लिहिलेलं, थरथरत्या हातानं. त्याखाली परत जर्मन नाव.

किती वेळ मी त्या सहीकडे बघत बसले. मैत्रिणींनो, आपल्यातल्या कितीजणींची नावं लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिली गेलीत? माझं लिहिलं गेलं. माहेरचं नाव आता फक्त बहीण आणि शाळेतल्या दोन मैत्रिणी वापरतात. त्यामुळे परदेशी सुनेचं नाव बदललं तर आपल्याला त्यात वावगं वाटत नाही, आपलंही तेच झालंय ना! पण म्हणूनच आपल्याला ते कळायला हवं. काकूंनी पंचेचाळीस वर्षं आमच्यासाठी वेलांट्या गिरवल्या. आमच्या घरातल्या एकानं तरी जर्मनमधलं ‘बाई, बरी आहेस का’ हे शिकून घेतलं का? एकानंही नाही. मी पंचवीस वर्षं फोटो दाखवत होते, मला त्यांचं पहिलं नाव माहीत नव्हतं.

उलटं उदाहरण नाही असं नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जपाननं चीनवर आक्रमण केलं तेव्हा 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक मुंबईहून निघालं, त्यातले ते एक. घरी पत्रं येत, जात. वडील वारल्याची बातमीही त्यांना तिकडे दूरच कळली. चीनच्या युद्धभूमीवर गुओ चिंगलान ही नर्स त्यांना भेटली, ती परिचारिकांना शिकवायची. 1941 च्या नोव्हेंबरमध्ये दोघांचं लग्न झालं, 1942 च्या ऑगस्टमध्ये मुलगा. त्याचं नाव इनहुआ, म्हणजे एक अक्षर भारताचं, एक चीनचं. आणि त्याच डिसेंबरात, बत्तिसाव्या वर्षी, डॉक्टर गेले. इथे नाव कोणाचं बदललं, तर डॉक्टरांचं. चिनी लोक त्यांना के दीहुआ म्हणत. ते चिनी भाषा शिकले, त्यांचं जेवण जेवले. बायको जन्मभर गुओ चिंगलानच राहिली. 1946 साली व्ही. शांताराम ह्यांनी त्यांच्यावर सिनेमा काढला, त्यात ती चिनी मुलगी झाल्या होत्या जयश्रीबाई. आपल्या आजीच्या पिढीनं ह्या चिनी सुनेसाठी थिएटरात डोळे पुसले.

त्याच देशात सोळा वर्षांनी, 1962 च्या युद्धानंतर, पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. बायका, पोरं, म्हातारी सगळी. गुन्हा काहीच नाही, चेहरा तेवढा.

चेहरा! बहिणीच्या मनातली अडचण तीच आहे, धर्म नंतर येतो. माझ्याही मनातली तीच होती. नव्वदच्या दशकात इथे अंजनवेलला वीज प्रकल्पाचं काम चालू होतं तेव्हा गोरे इंजिनिअर बाजारात यायचे. आपल्या बायका-मुली मान वळवून बघायच्या, पोरं ‘हॅलो सर’ म्हणत मागे धावायची. त्यांतल्या एखाद्यानं इथली मुलगी केली असती तर चार दिवस कुजबूज झाली असती आणि पाचव्या दिवशी ‘नशीब काढलं पोरीनं’. आणि दर वर्षी आपल्या आंब्याच्या बागा राखायला नेपाळहून माणसं येतात, बायकापोरं घेऊन येतात, कातळावरच्या खोपटात आठ-आठ महिने राहतात. त्यांची पोरं आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत बसतात, आपल्यासारखी मराठी बोलतात. त्यातल्या एकाचं तरी नाव आपल्याला ठाऊक असतं का? सगळे ‘गुरखा’. बहीण जे म्हणाली त्यातली खरी शिवी ही होती, आणि मला ती शिवी वाटलीसुद्धा नाही.

2014 च्या जानेवारीत दिल्लीत निडो तानिया ह्या अरुणाचलच्या कोवळ्या विद्यार्थ्याची दुकानात केसांवरून चेष्टा झाली, वाद वाढला, मारहाण झाली आणि तो दगावला. मग सरकारनं बेझबरुआ समिती नेमली, ईशान्येकडच्या माणसांना कसलं कसलं सोसावं लागतं त्याचा अहवाल आला. 2020 मध्ये कोरोना आला तेव्हा ह्याच मुलांना शहराशहरांतून ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या. भाची सांगत होती, तिचा हा मित्र तेव्हा कोविड वॉर्डात पेशंटना श्वासाचे व्यायाम शिकवायचा, आणि घरी जाताना रिक्षावाला थांबायचा नाही.

अमेरिकेसारख्या देशात तर हा कायदाच होता. व्हर्जिनियातल्या रिचर्ड लव्हिंग ह्या गोऱ्या गवंड्यानं 1958 साली मिल्ड्रेड ह्या काळ्या मुलीशी लग्न केलं, म्हणून शेरीफनं मध्यरात्री घरात घुसून दोघांना अटक केली. शिक्षा काय, तर पंचवीस वर्षं एकत्र ह्या राज्यात पाऊल ठेवायचं नाही. पाच वर्षांनी, 1963 साली, मिल्ड्रेडनं सरळ देशाच्या ॲटर्नी जनरलला, रॉबर्ट केनेडींना पत्र लिहिलं. ते पत्र फिरत फिरत वकिलांकडे गेलं आणि 1967 च्या जूनमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं सगळ्या राज्यांतले असले कायदे रद्द केले. 1963, म्हणजे आमचे काका जर्मनीत दोन ओळी खोडून तिसरी लिहीत होते तेच साल.

आपल्याकडे कायदा आड येत नाही. 1954 च्या विशेष विवाह कायद्यानं धर्म, जात, नाव काही न बदलता लग्न करता येतं. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती तीस दिवस कचेरीत लावतात, मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. आड येतात ते ते तीस दिवस. कोणीतरी ओळखीचा ती नोटीस वाचतो आणि घरी फोन करतो. भाचीनं नोटीस दिलीय. म्हणून तर बहिणीचा फोन आला.

एक शंका माझ्या मनात होती, ती लपवत नाही. सगळीच अशी लग्नं टिकतात असं नाही. आपल्या दापोलीकडच्या मुर्डीचे रँग्लर परांजपे, त्यांची मुलगी शकुंतलाबाई. केंब्रिजला शिकल्या, जिनिव्हाला नोकरी केली, युरा स्लेप्टझॉफ ह्या रशियन चित्रकाराशी लग्न केलं. 1938 साली मुलगी झाली, त्यानंतर लवकरच लग्न मोडलं. मला वाटतं, तेव्हा ‘आम्ही सांगत होतो’ म्हणणारे शंभर जण निघाले असतील. पण रँग्लरांनी मुलीला आणि नातीला घरात घेतलं. शकुंतलाबाईंनी कुटुंबनियोजनाचं काम केलं, जे तेव्हा भल्याभल्यांना तोंडानं उच्चारवत नव्हतं, राज्यसभेवर गेल्या. आणि नात म्हणजे आपल्या ‘स्पर्श’ आणि ‘कथा’वाल्या सई परांजपे. लग्नं जातीतलीही मोडतात हो. आपल्या शेजारी बघा. तेव्हा कोणी पत्रिकेला दोष देतं, वंशाला देत नाही.

पण माझा मुद्दा टिकण्या-मोडण्याचा नाहीच. बहीण आता थोडी नरमलीय आणि तिनं नवीन टुमणं लावलंय. तो मराठी शिकेल का? गणपतीला येईल का? आमच्यासारखं जेवेल का? मीही चार दिवसांपूर्वी हेच विचारलं असतं, आणि वर स्वतःला उदार समजले असते. जावयाचं नाव आपण तांदळात लिहीत नाही, त्याला आपल्या जातीत दत्तक घेत नाही, नथ घालून त्याचा फोटो काढता येत नाही. त्याचा चेहरा त्याचाच राहणार आणि आपल्या नातवंडांच्या चेहऱ्यात तो थोडा उतरणार. तो तसाच आवडून घ्यायचा आहे. सुनेच्या बाबतीत आपण ही परीक्षा कधी दिलीच नाही, कारण प्रत्येक वेळी पेपर तिनंच सोडवला.

मी भाचीला परत फोन केला. चुकले म्हटलं. ती लगेच विरघळली असं नाही, ‘हं’ म्हणाली. मी विचारलं, त्याच्या आईला काय म्हणतात तुमच्याकडे, म्हणजे त्यांच्याकडे? ती म्हणाली, ‘नू’. आई म्हणजे नू. एक अक्षर. मी दोनदा म्हणून पाहिलं.

काल पोस्टात गेले. आमसुलं, फणसपोळी आणि एक मराठीतलं पत्र, खाली भाचीनं मोबाइलवर सांगितल्याप्रमाणे इंग्रजीत तेच. मराठी मुद्दाम ठेवलं, अक्षर तर दिसू दे त्यांना आपलं. खाली सही माहेरच्या नावानं केली. का केली, मलाच सांगता येणार नाही. काउंटरवरच्या पोरानं पत्ता दोनदा वाचला. “आयझॉल? हे कुठल्या देशात आलं काकू?” मी म्हटलं, “आपल्याच. स्टँप इथलाच लागतो.” पावती ट्रंकेत ठेवली, त्या दुसऱ्या पावतीच्या शेजारी.

रात्री बहिणीचा फोन. बराच वेळ पाऊस, आंबे, गॅसचा सिलिंडर. मग हळूच, “ताई, त्यांच्याकडे भात खातात का गं?”

“तिन्ही त्रिकाळ,” मी म्हटलं.

“हो का?” म्हणाली. “कोणता तांदूळ?”